फोटोची पाठ आधी वाचा

लालबाग-परळकडच्या चाळी पुनर्विकासाला निघाल्या की खोली रिकामी करायला हातात थोडेच दिवस उरतात. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक तेव्हा खाली येते. भाडेपावत्या, लग्नपत्रिका, जुनी रेशनकार्डं यांच्या तळाशी एक फोटो निघतो: खाकीतला नुकतं मिसरूड फुटलेला मुलगा, एक हात खुर्चीच्या पाठीवर, मागे रंगवलेला पडदा. घरात एवढंच ठाऊक असतं, की हे आजोबांचे थोरले बंधू, 'लढाईत गेले'. कुठल्या लढाईत, कुठल्या देशात, गेले ते परत आले का, हे सांगणारं माणूस आता हयात नसतं. मग कोणीतरी मोबाइलवर त्या चेहऱ्याचा फोटो काढतं, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतं आणि मूळ फोटो फुटक्या फ्रेमसकट भंगारात जातो.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते इथे. चेहरा उरतो, पण तो कोणाचा हे सांगणारा पुरावा हातचा जातो. हा पुरावा बहुतेक वेळा फोटोच्या पाठीवर असतो, फ्रेमच्या आतल्या पुठ्ठ्यावर असतो, नाहीतर त्याच ट्रंकेतल्या एखाद्या चुरगळलेल्या पाकिटावर. म्हणून अशा फोटोला हात लावताना क्रम एकच ठेवावा: आधी पाठ, मग आजूबाजूचे कागद, मग म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, आणि चेहरा सगळ्यात शेवटी.

फ्रेम उघडण्याआधी

भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेली फ्रेम असेल, तर आधी ती उजेडात तिरकी धरा आणि बाजूने टॉर्च मारा. काचेखाली कुठे ओलसर, चकचकीत, गडद डाग दिसले तर तिथे फोटो काचेला चिकटला आहे. मुंबईत हे फार होतं. जुन्या फोटोंवर जिलेटिनचा थर असतो. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की तो फुगून मऊ होतो, काचेला टेकतो आणि वाळताना तिथेच धरतो. असा फोटो ओढून काढला तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. वाफ देणं, पाण्यात बुडवणं, ब्लेड घालणं, यातलं काहीही घरी करू नये. काचेसकटच त्याचा फोटो काढावा: फ्रेम टेबलावर आडवी ठेवा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत एकेक दिवा लावा, खोलीतले बाकीचे दिवे आणि पंखा बंद करा, आणि कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड धरा, म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब येत नाही. फोटो फारच मोलाचा वाटत असेल तर फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तू जतनाचं केंद्र आहे. आधी चौकशी करून तिथे दाखवावा.

फोटो मोकळा असेल तर फ्रेम पालथी घाला, मागचे खिळे बारीक पक्कडीने एकेक सरळ उपसून काढा, आणि पुठ्ठा उचलण्याआधी त्याच्या मागच्या बाजूचा फोटो घ्या. फ्रेमवाले आत पॅकिंगला वर्तमानपत्र घालत. त्यावरची तारीख बघा. फ्रेम त्या तारखेनंतर केली आहे, एवढं तरी पक्कं होतं. फ्रेमवाल्याच्या दुकानाची चिठ्ठीही मागे असू शकते. हा पुठ्ठा आम्लयुक्त असतो, त्यामुळेच फोटो पिवळा पडतो, म्हणून तो पुन्हा लावायचा नाही. पण त्यावर काही लिहिलेलं असेल तर टाकूनही द्यायचा नाही.

पाठीवर काय काय सापडतं

त्या काळातले बरेचसे सैनिकी फोटो पोस्टकार्डाच्या मापाचे, म्हणजे साधारण साडेतीन बाय साडेपाच इंचांचे असतात. स्टुडिओवाले पोस्टकार्ड छापलेल्या कागदावरच प्रिंट काढत, म्हणजे गिऱ्हाइकाला तो तसाच टपालात टाकता येई. मागच्या बाजूला तिकीट लावायची चौकट असते आणि तिच्याभोवती कागद बनवणाऱ्या कंपनीचं नाव: अझो, व्हेलॉक्स, गेव्हार्ट, फेरानिया. ही नावं कामाची आहेत. फेरानिया ही इटलीतली कंपनी आणि गेव्हार्ट बेल्जियमची. अझोच्या चौकटीत चार कोपऱ्यांत चार त्रिकोण असतात. चारही वर टोक केलेले असतील तर कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला, दोन वर आणि दोन खाली असतील तर १९१८ नंतरचा, असा ढोबळ हिशोब आहे. ढोबळ म्हणायचं कारण, लांबच्या बाजारपेठांत जुना कागद उशिरापर्यंत विकला जाई. कागदाच्या वयावरून फोटोची सर्वांत अलीकडची तारीख ठरत नाही, फक्त 'याच्या आधीचा नाही' एवढं सांगता येतं.

स्टुडिओचा शिक्का कैरो, बसरा, बगदाद, नेपल्स असा कुठलाही असू शकतो. सैनिक रजेवर किंवा तळावर असताना फोटो काढून घेत, त्यामुळे शिक्क्यावरचं शहर म्हणजे लढाईची जागा असं धरू नका.

पाकीट मिळालं तर त्यावर एफपीओ हा इंग्रजी संक्षेप आणि एक क्रमांक असलेला गोल शिक्का शोधा. हे फिल्ड पोस्ट ऑफिस. शत्रूला ठिकाण कळू नये म्हणून त्यावर गावाचं नाव मुद्दाम नसे, नुसता क्रमांक आणि तारीख. टपालाचा इतिहास जमवणाऱ्यांनी हे क्रमांक कोणत्या तारखेला कुठे होते याच्या याद्या केल्या आहेत, त्यामुळे तारीख आणि क्रमांक दोन्ही स्पष्ट असतील तर ठिकाण निघतं. तारीख फाटली असेल तर नुसत्या क्रमांकाचा फारसा उपयोग नाही. ही कार्यालयं फौजेबरोबर हलत असत. सेन्सॉरचा शिक्का वेगळा. तो पत्र तपासल्याची खूण, ठिकाणाची नव्हे.

ट्रंकेत कधीकधी चार बाय पाच इंचांच्या आसपासचा, पत्राचाच छोटा केलेला फोटो निघतो. घरचे त्याला पत्राची झेरॉक्स समजतात. तो एअरग्राफ असतो. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून ही सोय होती: सैनिकाने ठराविक फॉर्मवर लिहिलेलं पत्र सूक्ष्म फिल्मवर उतरवायचं, फिल्मचं रीळ विमानाने पाठवायचं आणि पोचल्यावर त्याची प्रिंट काढून टपालात द्यायची. मूळ पत्र इकडे कधी आलंच नाही, त्यामुळे ही प्रिंट हेच अस्सल. फॉर्मच्या वरच्या भागात पाठवणाऱ्याचा नंबर, हुद्दा आणि पलटण असते. चेहऱ्याच्या दहा फोटोंपेक्षा हा एक कागद मोलाचा.

फोटोच्या किंवा पत्राच्या पाठीवर जर्मन अक्षरांचा, 'गेप्रुफ्ट' म्हणजे 'तपासले' असा शिक्का असेल, तर माणूस युद्धकैदी होता हे जवळजवळ नक्की. २१ जून १९४२ ला लिबियातलं टोब्रुक पडलं तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण (बटालियन) तिथे कैद झाली होती. कैद्यांना आधी इटलीत आणि पुढे अनेकांना जर्मनीत नेलं गेलं. 'आजोबा जर्मनीला होते' असं घरात बोललं जातं त्यामागे बहुधा हेच असतं, आणि घरच्यांना ती बढाई वाटत आलेली असते.

आता मोडीविषयी. पहिल्या महायुद्धातल्या माणसांच्या फोटोमागचा मजकूर पुष्कळदा मोडीत असतो आणि नातवंडं त्याला रेघोट्या समजून सोडून देतात. त्या दोन ओळींत नाव, गाव, तिथी, फोटो कोणाला द्यायचा, सगळं असू शकतं. सरकारचं पुराभिलेख संचालनालय फोर्टमध्ये एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे आणि ते मोडीचे वर्ग घेत आलेलं आहे. तिथून मोडी वाचणारं माणूस मिळू शकतं. त्याला मूळ फोटो देऊ नका, पाठीचं स्कॅन मोठं करून द्या.

एक छोटी तपासणी. तीन-चारशे रुपयांत मिळणारा अतिनील टॉर्च अंधारात फोटोच्या पांढऱ्या कडेवर मारा. कागद निळसर-पांढरा लखलखला तर ती प्रिंट साधारण १९५० च्या दशकानंतरची, म्हणजे नंतर काढलेली नक्कल आहे. कागद उजळ दिसावा म्हणून घालायची द्रव्यं त्याआधी फोटोच्या कागदात नसत. नक्कल असेल तर मूळ फोटो दुसऱ्या कुठल्यातरी भावाच्या घरी असण्याची शक्यता आहे, आणि पाठीवरचा मजकूरही तिकडेच. हाताने रंगवलेली मोठी प्रिंट असेल तर जास्तच सावध राहा. रंगवणाऱ्याने पदकाच्या फितीचे रंग अंदाजाने भरलेले असतात. काही स्टुडिओ तर नवरा आणि बायको यांचे वेगवेगळे फोटो जोडून एकच जोडफोटो करून देत.

अंगावरचे कपडे

पहिल्या की दुसऱ्या महायुद्धातला, हे कपड्यांवरून बऱ्यापैकी कळतं. उभ्या कॉलरचा लांब कोट आणि गुडघ्यापर्यंत गुंडाळलेल्या पट्ट्या असतील तर १९१४-१८ कडे झुकतं माप द्या. हाफपँट आणि घोट्यापुरत्या पट्ट्या म्हणजे बहुधा दुसरं. कमरेपर्यंतच आखूड, जाड लोकरीचं जाकीट असेल तर १९४३ ते ४५ मधला इटलीतला हिवाळा असण्याची शक्यता मोठी. एका बाजूने कड दुमडलेली रुंद टोपी असेल तर ब्रह्मदेशाची बाजू बघा.

खांद्यावरच्या पट्टीवर पितळी अक्षरं आणि आकडा असतो. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींचे क्रमांक तीन आकडी होते: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. १९२२ मध्ये त्यांची मिळून '५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री' झाली आणि त्या जुन्या पलटणी तिच्या बटालियन बनल्या. म्हणजे खांद्यावर तीन आकडी क्रमांक असेल तर फोटो १९२२ च्या आधीचा. दंडावरच्या व्ही आकाराच्या पट्ट्या मोजा: एक लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. खांद्यावर एक तारा जमादार, दोन तारे सुभेदार, मुकुट असेल तर सुभेदार मेजर. घरात 'सुभेदार' म्हणून ओळखला जाणारा माणूस फोटोत दोन पट्ट्यांचा नाईक दिसला तर घाबरून जाऊ नका. फोटो आधीचा असेल, बढती नंतर मिळाली असेल.

डाव्या दंडावरचं डिव्हिजनचं चिन्ह मोठं करून बघा. लाल गरुड म्हणजे ४ थी भारतीय डिव्हिजन, काळ्यावर लाल गोळा ५ वी, चार पाकळ्यांची तीन पानं ८ वी. मराठ्यांची पहिली बटालियन ८ व्या डिव्हिजनमधून इटलीत लढली. शिपाई नामदेव जाधव यांना सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच बटालियनमधून. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनचे. ते १० जुलै १९४४ ला इटलीतच टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात कामी आले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पदकांच्या फितींबद्दल एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. त्या काळातली पुष्कळशी फिल्म लाल रंगाला आंधळी होती. तिच्यात लाल जवळजवळ काळा उमटतो आणि निळा फिकट पांढुरका. त्यामुळे कृष्णधवल फोटोतली गडद पट्टी बघून 'ही निळी' असं म्हणणाऱ्याचं बरोबर उलटं निघू शकतं. इटली स्टारची फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल अशी पाच सारख्या पट्ट्यांची आहे. फोटोत ती गडद-फिकट-मध्यम-फिकट-गडद दिसते आणि तिची पट्ट्यांची रुंदी हीच खरी ओळख. रंग सोडा, पट्ट्या मोजा.

याच कारणासाठी कृष्णधवल फोटो आपोआप रंगीत करून देणारी मोबाइलमधली अॅप सैनिकी फोटोंना लावू नयेत. ती फितीला, पागोट्याला, चिन्हाला मनाने रंग देतात. 'चेहरा स्पष्ट करा' हे बटण त्याहून वाईट: अस्पष्ट चेहऱ्याच्या जागी ते नवा चेहरा रचतं, आणि पुढच्या पिढीला तोच पणजोबांचा चेहरा म्हणून दिला जातो. कितीही सुंदर दिसला तरी तो आपला माणूस नव्हे.

पदकं आणि एक गोल पत्रा

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. १९१४-१५ स्टारवर ती मागच्या बाजूला असते. हिंदुस्थानात दिलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या पदकांवरही पुष्कळदा नाव सापडतं. या पदकांना ब्रासो किंवा चिंच लावून घासू नका, कडेवरची अक्षरं आधी झिजतात. कड भिंगाखाली फिरवत मोबाइलवर चार-पाच फोटो घ्या. वॉर मेडल चांदीचं नसून ब्राँझचं असेल तर ते नकली समजू नका. मजूर दलातल्या आणि फौजेसोबतच्या कामगारांना ते ब्राँझमध्ये दिलं गेलं.

साधारण बारा सेंटिमीटर व्यासाचा, सिंह आणि हातात माळ धरलेली स्त्री असलेला ब्राँझचा जड गोल घरात कुठे असेल तर तो युद्धात मेलेल्या सैनिकाच्या वारसाला पाठवलेला स्मृतिफलक आहे. त्यावर नुसतं नाव असतं, हुद्दा मुद्दाम घातलेला नसतो. देवघरात हळदकुंकू वाहिलेला असेल तर तो तिथेच राहू द्या, फक्त नाव वाचून घ्या.

आठवणी विचारताना

दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाची मुलं आज साधारण सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. यांच्याकडून मिळेल ते शेवटचं. मूळ फोटो त्यांच्या हातात देऊ नका, ए-फोर कागदावर मोठी प्रिंट काढा. समूहफोटो असेल तर वर ट्रेसिंग पेपर टाकून प्रत्येक डोक्यावर आकडा लिहा आणि आकड्यानुसार नावं मागा. 'मागच्या रांगेत डावीकडून दुसरा' हे रेकॉर्डिंगमध्ये कोणाच्या डावीकडून ते कळत नाही.

'हे कोण?' एवढंच विचारलं तर 'लढाईला गेलेले काका' एवढंच उत्तर येतं. प्रश्न घरातले विचारा. मनीऑर्डर कोणाच्या नावावर यायची? आत्याचं लग्न झालं तेव्हा ते घरी होते का? पेन्शन आणायला कुठे जायचे? गावाकडे त्यांना काय म्हणून हाक मारायचे? मावशी, आजेसासूबाई, चुलतसासरे यांच्याकडे अशा प्रश्नांना भरभरून उत्तरं असतात, आणि लग्न, जन्म, दुष्काळ यांच्या आधाराने वर्ष पक्कं करता येतं. बायकांना विचारायला विसरू नका. पत्रं बहुतेक वेळा त्याच जपून ठेवत.

घरातले काही शब्द नीट उलगडावे लागतात. 'बसऱ्याला होते' हे वाक्य दोन्ही महायुद्धांना लागू पडतं. १९१४ च्या नोव्हेंबरात पुणे डिव्हिजनची फौज मुंबईहून जाऊन इराकच्या किनाऱ्यावर फाओला उतरली आणि त्याच महिन्यात तिने बसरा घेतलं. पुढे इराकातली सगळी फौज त्याच बंदरातून गेली, म्हणून कुत-अल-अमाराला वेढ्यात अडकलेल्या १०३, ११० आणि ११७ च्या जवानांच्या घरीही 'बसरा'च म्हटलं जाई. पण एप्रिल १९४१ मध्ये भारतीय फौज पुन्हा बसऱ्याला उतरली होती. तेव्हा माणसाचं जन्मवर्ष विचारल्याशिवाय 'बसरा' कोणत्याही युद्धात टाकू नका.

'लढाई संपल्यावर ते जपानला होते' हेही खरं असू शकतं. मराठ्यांची पहिली बटालियन १९४६-४७ मध्ये हरलेल्या जपानवर ताबा ठेवणाऱ्या फौजेत होती, त्यामुळे किमोनो घातलेल्या बाईच्या शेजारचा फोटो बघून घरात उगाच कुजबुज नको. तसंच जावा. चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला लढली आणि १९४५ च्या शरदात जावातल्या सुराबायाच्या लढाईत सापडली, जेव्हा बाकीच्यांची लढाई संपली होती. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४५ चं मरण घरच्यांना म्हणूनच पटत नाही.

जे मिळेल ते तीन रंगांत लिहा: कागदावर लिहिलेलं एका रंगात, कोणी सांगितलेलं दुसऱ्या, आपला अंदाज तिसऱ्या. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख सोबत हवी. ही शिस्त नसेल तर दहा वर्षांनी अंदाजच पुरावा बनतो.

नाव शोधणं

युद्धात मेलेल्यांसाठी पहिला दरवाजा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावरचा शोध. तो फुकट आहे. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू तिथे धरले आहेत, आजारपणात मेलेलेही. जिवंत परतलेला माणूस तिथे सापडणार नाही, आणि न सापडणं म्हणजे तो सैन्यात नव्हता असं नव्हे.

मराठी नावांची तिथे वाट लागलेली असते. जाधव शेवटी व्ही, डब्ल्यू किंवा नुसता ओ लावून शोधा. घाडगेतला एच कधी पुढे, कधी मागे, कधी गायब. गायकवाडचा शेवट डी ऐवजी आर. त्यातून पुष्कळदा नाव आणि आडनाव मिळून एकाच रकान्यात टाकलेलं असतं, म्हणून आडनावाच्या रकान्यात पहिलं नावही घालून बघा. नंबर माहीत असेल तर फक्त नंबराने शोधा. जिल्हे तेव्हाचे: रायगड नव्हे कुलाबा, सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, सावंतवाडी, भोर, औंध, फलटण, कोल्हापूर ही संस्थानं. गावाचं नाव इंग्रज कारकुनाने कानाने लिहिलेलं आहे असं समजून मोठ्याने वाचा.

फक्त मराठा पलटणीच बघू नका. खडकीचे बॉम्बे सॅपर्स, खेचरांच्या तुकड्या, इस्पितळ दल, मजूर दल, रॉयल इंडियन नेव्ही यांत कोकणातली आणि घाटावरची माणसं भरपूर होती. १९१७ मध्ये उभी राहिलेली १११ वी महार पलटण युद्धानंतर मोडली गेली आणि महार रेजिमेंट ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला पुन्हा उभी राहिली. या घरांतले फोटो तर आणखीच कमी जपले गेले आहेत. जहाजांवरचे खलाशी वेगळेच. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईतच, मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. रत्नागिरीकडच्या कित्येक घरांना ते आपल्याच शहरात आहे हे माहीत नाही.

परतलेल्या सैनिकासाठी त्याच्या रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस, मराठ्यांचं बेळगावला, आणि आपल्या जिल्ह्याचं सैनिक कल्याण कार्यालय. अर्जात नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि नातं सिद्ध करणारा कागद लागतो. नंबर नसेल तर उत्तराची आशा फार ठेवू नका. म्हणूनच डिस्चार्जचा कागद आणि पेन्शनचं पुस्तक आधी शोधायचं. कैद्यांसाठी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे नोंदी आहेत. पहिल्या महायुद्धातल्या ऑनलाइन बघता येतात, दुसऱ्यातल्यांसाठी वर्षातल्या ठराविक काळातच अर्ज घेतात.

मुंबईकरांसाठी आणखी एक जागा: गावाचं ग्रामस्थ मंडळ आणि त्याच्या मालकीची चाळीतली खोली. तिथे वर्गणीच्या वह्या आणि भिंतीवरचे जुने समूहफोटो असतात. गावी गेलात तर शाळा, चावडी, देऊळ यांच्या भिंतीत संगमरवरी पाटी बघा: या गावातून महायुद्धाला इतके गेले, पैकी इतके कामी आले. नावं नसतात, पण आकडा घरात सांगितलेल्या गोष्टीला आधार देतो.

पावसाळ्यात टिकवणं

स्कॅन रंगीत मोडमध्येच करा, फोटो कृष्णधवल असला तरी, म्हणजे शाई आणि डाग ओळखता येतात. पोस्टकार्डाला ६०० डीपीआय, त्याहून लहान प्रिंटला १२००, फाइल टिफ. पोस्टकार्डाची फाइल २० एमबीच्या आसपास होते. पुढची बाजू, पाठ, पाकीट, सगळ्यांना एकच क्रमांक द्या.

लॅमिनेशन कधीही नाही. ते काढता येत नाही. सेलोटेप नाही. चिकट पानांवर पारदर्शक प्लास्टिक बसवलेले १९७०-८० च्या दशकांतले अल्बम फोटो खातात. त्यातून फोटो सुटत नसेल तर दात साफ करायचा मेण नसलेला धागा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू ओढा. ठेवायला पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे लिफाफे घ्या. नवीन रेनकोटसारखा वास येणारं प्लास्टिक पीव्हीसी असतं, ते नको. डांबरगोळ्या फोटोच्या डब्यात टाकू नका. पाठीवर नाव लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो.

हवाबंद डबा जानेवारी-फेब्रुवारीत भरा. जूनमध्ये दमट कागद आत बंद केला तर दमटपणाही आत बंद होतो आणि बुरशी डब्यातच वाढते. दहा लिटरच्या डब्याला दीडशे-दोनशे ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत, फोटोला न टेकता. प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे मिळतं. निळं नको, नारिंगी घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. पांढरी बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती जिलेटिनमध्ये रगडली जाते. फोटो वेगळा करा, सावलीत पंख्यापासून दूर पूर्ण वाळवा, मग तोंडाला मास्क लावून गॅलरीत मऊ ब्रशने झटका.

पाणी शिरलंच, तर भिजलेले फोटो एकमेकांवर वाळू देऊ नका. पाठीवर शाई नसलेले स्वच्छ गार पाण्यात विसळून, तोंड वर करून एकेक पसरा. शाई असेल तर न विसळता तसेच पसरा. दोन दिवसांत हे जमणार नसेल तर मध्ये बटर पेपर घालून पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाका आणि नंतर सवडीने एकेक सोडवा.

आणि कागदपत्रं जुळून आली, पण माणूस युद्धात मेलेला असूनही कमिशनच्या यादीत नाही असं निघालं, तर तिथे थांबू नका. नाव समाविष्ट करण्यासाठी कमिशनकडे अर्ज करता येतो. तो सेवेत होता याचा पुरावा, मृत्यूची तारीख वरच्या मुदतीत बसते याचा पुरावा, आणि सेवेत असतानाच मेला किंवा सेवेतून सुटल्यावर सेवेतल्या कारणानेच मेला याचा पुरावा, असे तिन्ही लागतात. एअरग्राफवरचा नंबर, पदकाची कड, पेन्शनच्या पुस्तकातलं विधवेचं नाव, हे सगळं स्कॅन करून एकत्र पाठवा, आणि मूळ कागद मात्र घरीच ठेवा.